राणूची सनई, माझा फोनो

लोणावळा, ४ एप्रिल १९३७
आईने आज विचारलं, ज्या बाजातलं काही कळत नाही त्याच्या तबकड्या गोळा का करतेस? घरातली पहिली बी.ए. मी, शाळेत मुलींच्या शंका फेडते, आणि हे एवढं येत नाही.

शाळेतल्या पेरेराबाईंनी माझ्या फोनोसाठी नवी तबकडी दिली, जाझ या परदेशी बाजाची. त्यांचा भाऊ मुंबईला हॉटेलच्या बँडमध्ये, तो पाठवतो. मध्येच क्लॅरिनेट, त्यांची सनईच ती, सगळ्यांना सोडून एकटं वर जातं, आता पडणार वाटतं, आणि... सुई पुन्हा पुन्हा तिथेच ठेवली. आबा म्हणाले, झिजंल ती.

९ एप्रिल
पेरेराबाईंनी सहज सांगितलं. हे वाजवणारे काळे लोक. त्यांच्याच देशात, ज्या हॉटेलात वाजवतात तिथे पुढच्या दाराने त्यांना सोडत नाहीत. मागून, मोरीकडून. बाई चहा गाळत होत्या, हातही थांबला नाही. मी कप तसाच ठेवून उठले. कसले लोक हे? माणूस बाहेर ठेवायचा आणि सूर तेवढा आत घ्यायचा?

१५ एप्रिल
धाकट्या बहिणीचं, मंजूचं लग्न ठरलं. तळेगावची मंडळी, सुधारलेली. वाजंत्री नको म्हणाले, फोनो लावा. थोरल्या अक्काकडे, म्हणजे माझ्याकडे, आहे ना? आबा खूष. मीही. कुठल्या तबकड्या आधी लावायच्या ते काढूनसुद्धा ठेवलं. वडिवळ्याला राणू सनईवाल्याला निरोप गेला, येऊ नको.

१८ एप्रिल
राणू आला. आमच्या घरची लग्नं आधी त्याच्या बापाने वाजवली, मग त्याने. मांगवाड्यातला, म्हणून पायरीखाली उन्हात उभा. मला वाटलं भांडणार. तर म्हणाला, "आमची भाकर खाती ती पेटी हाय तरी कशी, बघू द्या."

क्लॅरिनेटची तबकडी लावली. डोळे मिटून ऐकली त्याने. बोटं धोतरावर हलत होती.

"कोन वाजिवतंय?"

मी भरभरून सांगितलं. तिकडचे काळे लोक, त्यांचा अपमान, ते मागचं दार.

राणू हसला. "मागलं का हुईना, दार हाय म्हना की त्यास्नी."

मी उंबऱ्याच्या आत, तो खाली. जाताना पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन आली, वरून ओतलं, त्याने ओंजळीने प्यायलं. हे जन्मापासून बघतेय. आज बघवेना.

२० एप्रिल
दोन दिवस तबकडी लावली नाही.

आबांना म्हटलं, राणूला बोलवा. सोयऱ्यांना शब्द दिलाय म्हणाले. मी सोडेना, तेव्हा हसून म्हणाले, "आता फोनो मुका झाला तरच राणू, पोरी." मंजूने हात जोडले. अक्का, तुझी सुधारणा माझ्या लग्नानंतर कर.

तिचंही खरं. सोयरे बिथरले तर?

२४ एप्रिल
आबा सकाळीच वडिवळ्याला गेले, तोंडून गेलेल्या शब्दाखातर राणूला आणायला. काल सोयऱ्यांकडचे पाहुणे आले, त्यांना ऐकवायला आबांनी फोनोला चावी दिली. तबकडी फिरत राहिली, आवाज नाही. मग मी काय केलं ते पाहुण्यांसमोरच सांगितलं. मंजू तेव्हापासून तोंड फिरवून आहे. पाहुणे चहा न घेता उठले, पुढे काय ते कळवतो म्हणाले.

राणू येईल का? एकदा नको म्हटल्यावर का यावं त्याने? आला तर पुन्हा पायरीखालीच उभा राहणार? आईला विचारलं. ती तांदूळ निवडत राहिली.

तबकड्या लुगड्याच्या घडीत ठेवल्या. पेरेराबाई परवा बदलीवर भुसावळला गेल्या. मी स्टेशनवर गेले होते. फोनोचा साउंडबॉक्स, सुई धरून आवाज काढणारी ती डबी, काढून रुमालात बांधून नेला होता. त्यांना वाटलं, सांभाळायला देतेय. म्हटलं, नाही, आता तुमचाच. गाडी हलली तेव्हा तो त्यांच्या मांडीवर होता.