न जुळलेलं पाणी

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इतके दिवस पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. नव्या घराच्या विहिरीचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत केव्हाच पोचलं. अडलंय ते माझ्याकडे. त्यातले धन भार आणि ऋण भार वेगवेगळे मोजले, तर ऋण बाजू कमी भरते. असं पाणी नसतं. क्षार बनतानाच एकाने जेवढे इलेक्ट्रॉन सोडले तेवढेच दुसऱ्याने घेतलेले असतात. कॅल्शियमच्या एका कणावर दोन धन भार, म्हणून त्याच्यासोबत एकेक ऋण भाराचे दोन क्लोराइड. एकूण शून्य. जमिनीतला क्षार पाण्यात विरघळला की हे कण एकमेकांपासून सुटतात, पण बेरीज शून्यच राहते. तेव्हा चूक पाण्याची नाही, माझं काहीतरी मोजायचं राहिलंय. बहुधा नायट्रेट, तेही ऋण भाराचंच. त्याचं यंत्र दुरुस्तीला गेलंय. ते येईपर्यंत ‘पाणी चांगलं’ असं लिहून सही करायला माझा हात धजत नाही.

अण्णांना म्हणावं, थोडं थांबा. छकुलीला आत्याचा पापा.

उशिरा लिहिते म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई

२५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं शून्य पोचलं. घरमालक विचारतो, पाणी तपासायला दिलंय की त्याची सोयरीक जमवायची आहे? माझी बायको म्हणते, आमच्या वन्संनी पत्रिका जुळल्याशिवाय होकार द्यायचा नाही असं ठरवलंय.

पण एक गंमत झाली, म्हणजे आता गंमत राहिलेली नाही. बाटली भरताना पाणी गढूळ दिसलं, म्हणून अण्णांनी सवयीने त्यात तुरटी फिरवली होती. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते कबूल केलं. आपल्यामुळेच लेकीचा हिशेब बिघडला असं त्यांनी मनाला लावून घेतलंय. तीन जिने उतरवत नाहीत, अंगणाचं घर हातातोंडाशी आलेलं, आणि ते आपणच घालवलं म्हणतात. दोन ओळी त्यांच्या नावे लिही. तुझं ऐकतील.

लोभ आहेच, तो कृतीत दिसू दे.

तुझा धाकटा

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

अण्णांच्या दिवसांना तू आलीस तेव्हा घरात इतकी माणसं होती, की आपलं बोलणं झालंच नाही. त्यांची खुर्ची अजून खिडकीशीच आहे. पोस्टमन दिसला की माझ्या बायकोला खाली पिटाळायचे. शेवटी शेवटी विचारणंही सोडलं. एकदाच मला म्हणाले, “मी उगाच पाण्यात हात घातला रे.”

तुला दोष देत नाही. ते घर अजून रिकामं आहे. जावं का? छकुली वरच्या दुधावर आहे, म्हणून विचारतो.

सांभाळून राहा. आता मोठं असं तूच.

धाकटा

१७ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

यंत्र आलं. कमी पडत होतं ते नायट्रेटच. ते धरल्यावर दोन्ही बाजू जुळल्या. त्याचं प्रमाण बरंच आहे, आणि तान्ह्या मुलांना ते बाधतं. छकुलीचं दूध त्या पाण्यात कालवू नका, आणि उकळूनही चालणार नाही; उकळल्याने ते जात नाही, उलट दाट होतं. तुम्हीही पिण्याचं पाणी बाहेरूनच आणा. आंघोळीला, धुण्याला, झाडांना खुशाल वापरा. घरात जा.

हे सगळं लिहिल्यावर पेन खाली ठेवलं. ‘पिण्याचं पाणी बाहेरून आणा आणि राहायला जा’ हे मार्चमध्येही लिहिता आलं असतं. त्याला यंत्र लागत नव्हतं. मी चुकीची सही केली नाही, याचं समाधान मानून बघते. ते टिकत नाही.

आणि तुरटी. तीही क्षारच. तिच्यातले धन आणि ऋण बरोबरीनेच पाण्यात उतरतात. अण्णांनी मूठभर टाकली असती तरी तिच्यामुळे बेरजांत तफावत पडली नसती. तुझं पत्र वाचताक्षणी मला हे कळलं होतं. सगळं उत्तर एकदमच पाठवू म्हणून थांबले.

रागावलास तर रागाव, पण पत्र लिहीत जा.

तुझी ताई

(ताईच्या वहीत) उद्या: अहवालाखाली हाताने लिहायचं, ‘तुरटीमुळे काहीही बिघडलेलं नाही.’