डोळ्यातली हवा

१२ नोव्हेंबर, मंगळवार
दवाखान्यातून सुटले, बीडातच थोरल्या नणंदेच्या घरी आले. रतनआक्का एकटीच राहती. घर लई झ्याक, फरशी गार, पंखा कुरकुरत न्हाई. कापूस येचताना उजव्या डोळ्यावर काळा पडदा पडला, आतला पापुद्रा सुटलता. काल आपरेशन झालं. पापुद्रा दाबून धरायला आत गॅस भरलाय. आठ दिस पालथंच पडायचं, उताणं झाले तर डोळा गेला. डाव्यानं निस्तं जवळचं दिसतं. मालक तलवाड्याला परत गेले. डोळ्यातल्या थेंबाची नोंद ठेवायला दवाखान्यानं वही दिलीय. आक्का भाजीला गेली की कॉटवरून डोकं खाली करून फरशीवर लिहिते.

१३ नोव्हेंबर
आक्कानं इचारलं, डोळ्यात काय भरलंय. गॅस म्हणलं तर ओवा चारील, म्हणून हवा म्हणले. तिचा घास हातातच राह्यला. बाहेरची हवा का, म्हणे. मी म्हणले, मग काय घरातली? मी हसले. ती न्हाई हसली.

१४ नोव्हेंबर
उजव्यात काळं वर्तुळ हलतंय. गॅसच तो, डॉक्टरनं सांगितलंय. आक्का इचारती, तुझ्याकडं बघतंय का ते? कावून असलं इचारती ही बाई?
दुपारी डोळा लागला. जागी झाले ती उताणी! आक्का म्हणे, तूच वळलीस गं.

१५ नोव्हेंबर
आज बी उताणी. कपाळावर अंगारा. लई भांडले. आक्का रडली. पालथं पडून ते तोंड लपवतंय, म्हणे, त्याला उजेड दावायचा. हवा न्हाई, गॅस हाय गॅस, म्हणून वरडले. तर म्हणती, बघा, आता शब्द बदलाय लागलं.

१६ नोव्हेंबर
आज तपासणी होती. फोन सापडंना. दाराला बाहेरून कडी.
वर्तुळाच्या कडंला पुन्हा काळा पडदा — थोडाच हाय अजून —

१७ नोव्हेंबर
झोपायचं न्हाई. चहा कडू लागला. हात जड —
फरशीवर पाय. आक्काची जोडवी. मागं दोन गडी, पायाला राख —
आक्का त्यास्नी म्हणती, आमच्या वनमालाला लिहिता येत न्हाई. ही कोण लिहितीय?
येतं आक्का. तिसरी शिकलेय. सासरी कुणी इचारलंच न्हाई —
पाय धरले. वळवू नका — हे बघा, माझं नाव व