ग्वार्नेरोची निशाणी

३ ऑक्टोबर १३१२, सिसिली
पोहोचलो एकदाचा! आजपासून मी, रैनाल्दो, बिशपच्या दरबारचा मुख्य नोटरी. खिडकीतून समुद्र दिसतो, खालून सार्डिन मासे भाजल्याचा वास येतो. महिनाअखेरीस सगळ्यांसमोर दप्तरात माझी निशाणी काढली की नेमणूक पक्की. मग पेर्नाला आणि लेकीला बोलावून घेईन. प्रत्येक नोटरीची सहीसारखी स्वतःची निशाणी असते; माझी साधी आहे, क्रूस आणि खाली तीन पायऱ्या.

७ ऑक्टोबर
डोकं फिरलंय नुसतं. माझ्या आधीचा ग्वार्नेरो साठ दस्त अर्धवट टाकून मेला. आधी ते निपटा, मगच दप्तरात निशाणी, असं बिशप म्हणतात. प्रत्येकाखाली लिहायचं, 'दिवंगत ग्वार्नेरोच्या टिपणांवरून, मी रैनाल्दो', आणि मग माझी निशाणी. म्हातारा कारकून बोनादोन्ना दात काढत म्हणाला, साहेब, या वेगानं तुमच्या नातवंडांची लग्नं होतील. मेला गाढव!

१२ ऑक्टोबर
पाच दिवसांत फक्त सहा! टिपणं म्हणजे मुंग्यांची रांग, त्यात शाई फुटते, आणि ते वाक्य लिहायचं तर टिपणातला शब्द न् शब्द जुळवावा लागतो. शेवटी वैतागून ते वाक्यच गाळलं आणि ग्वार्नेरोचीच निशाणी ठोकून दिली, गाठ मारलेला साप. मेलेला माणूस थोडाच तक्रार करणार? दुपारपर्यंत वीस दस्त हातावेगळे.

१८ ऑक्टोबर
साठही संपले! पेर्नाला पत्र धाडलं, निघ म्हणून. पत्राखाली माझी निशाणी काढायला गेलो तर साप आला. सवय लागली, दुसरं काय. खोडून पुन्हा काढली. पुन्हा साप.

२५ ऑक्टोबर
पेर्नाचं उत्तर आलं. ती नोटरीचीच लेक. लिहिते, कोण रे मेल्या तू? माझ्या नवऱ्याचं अक्षर मी ओळखते. काय केलंस त्यांचं?
ही रोजनिशी मागे चाळली. बारा तारखेपासून अक्षर माझं नाही.

२८ ऑक्टोबर
बोनादोन्नाला रोजनिशी दाखवली, गाळलेल्या वाक्याचंही सांगितलं. पांढराफटक पडला. हे जुन्या साहेबांचं अक्षर, म्हणाला. काम पुरं केल्याशिवाय जाणार नाही, असं ते मरताना बडबडत होते. गाळलेलं वाक्य लिहा, त्याशिवाय ते मेलेलेच नाहीत, आत्ताच्या आत्ता लिहा, म्हणून माझे पाय धरले. लिहायला बसलो. हात ऐकत नाही —

३१ ऑक्टोबर
दुपारी सगळ्यांसमोर दप्तरात निशाणी काढायची. उजवा हात बांधून ठेवला. डाव्यानंही साप — भीती वाटते. पेर्ना, मीच आहे गं, मीच — ते वाक्य एकदा तरी — लिहितोय —
दिवंगत रैनाल्दोच्या टिपणांवरून, मी ग्वार्