आईची केंके, सहा फोटोंत

अनोमाबो,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय एफुआताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, तमालेच्या उन्हालाही नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? इथे सगळे बरे आहेत. आईसुद्धा (तू विचारलं नाहीस, तरी सांगते).

केंकेचे सहा फोटो सोबत आहेत. मका भिजवणं, पीठ आंबवणं, शिजवणं, केळीच्या पानात गुंडाळून गाठ मारणं, सगळी हकीगत फोटोंतूनच कळावी, म्हणजे तुला तिकडे केंकेचं दुकान घालता येईल आणि आईशी एक शब्दही बोलावा लागणार नाही, असा तुझा बेत. (तीन वर्षांपूर्वी सासरच्या पंधरा माणसांसमोर "आईची केंके हल्ली फारच आंबट" म्हणालीस, तोही बेतच होता का?)

मी आईला सांगितलं, माझ्या स्टुडिओच्या भिंतीसाठी हवेत. "कामाच्या कपड्यांत फोटो? लोक म्हणतील, अराबाच्या आईला नेसायला धड कापड नाही!" त्यामुळे पहिल्या फोटोत आई ईस्टरचं निळं कापड नेसून, सोन्याचे डूल घालून, हात गुडघ्यांवर ठेवून खुर्चीत बसली आहे. शेजारी मक्याची बादली. दुसऱ्यात आई तशीच, शेजारी पिठाचं पातेलं. तिसऱ्यात आंबलेलं पीठ दिसलं असतं, पण आईने त्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर फुलदाणी. मी म्हटलं, "आई, निदान हात तरी घाल पिठात!" "फोटोत हात स्वच्छ असतात. तुला हा धंदा शिकवला कुणी?" चौथ्यासाठी पीठ चुलीवर चढवून ती कापड बदलायला गेली आणि पीठ करपलं. पाचव्यात चेहऱ्यावर जो राग आहे तो माझ्यावरचा, तू अंगावर घेऊ नकोस. सहाव्यात केंके शिजून थाळीत आल्या आहेत. गाठ कधी मारली, ते मलाही दिसलं नाही.

एकूण शिकण्यासारखं एवढंच, की केंकेसाठी खुर्ची भक्कम हवी.

तुझी,
अराबा

ता. क. सहाव्या फोटोत आईशेजारी एक रिकामी खुर्ची आहे. मी ती हलवायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. जिला पाठवणार आहेस, तिला कळेल." मी तुझं नाव काढलं नव्हतं, शपथ.

आणखी एक. गाठ हात धरूनच शिकवावी लागते म्हणे. शुक्रवारच्या बसने ये. कापड चांगलं नेस, सातवा फोटो काढायचा आहे. करपलेल्या पिठाच्या केंके आईने तुझ्यासाठीच ठेवल्या आहेत. मुकाट्याने खा आणि "मुळीच आंबट नाही" एवढंच म्हण. खोटंही बोलावं लागणार नाही.