विमलच्या घराचं गेट

धुळे, फेब्रुवारी १९९१, मंगळवार

शिरपूरजवळ चुलतबहीण विमलकडे जाऊन आलो. केळीने त्यांचे दिवस पालटलेत. नळ, टीव्ही, मिक्सर, अंगणाला नवं लोखंडी गेट. नवऱ्याने सगळं हौसेने दाखवलं. शेवटी म्हणाला, "आते हिले वावरमां जावानी गरज नही." आमच्याकडे पैसा आला की आधी घरच्या बाईचं शेतात निंदायला जाणं बंद होतं. मोठेपणा तोच.

तो मळ्यात पाणी सोडायला गेल्यावर विमल म्हणाली, "घरमां बठ्ठं शे, भाऊ. बोलाले कोनी नही." सगळं आहे, बोलायला मात्र कोणी नाही. निंदायला निघालेल्या बायका रोज त्या गेटवरूनच जातात म्हणे. आधी हाक मारायच्या, आता मारत नाहीत.

उद्या वर्गात दरडोई उत्पन्न शिकवायचं आहे. त्या हिशेबात विमल चांगलीच वर गेली. पण माणसाला काय करता येतं, ते कुठल्या रकान्यात धरायचं? की मीच उगाच खुसपट काढतोय?

निघताना वाटलं, पूर्वीसारखी स्टँडपर्यंत सोडायला येईल. ती गेटपाशीच थांबली.

मी मुद्दाम पाहिलं. गेटला कुलूप नव्हतं.