दोन कॉम्प्युटर, एक घर

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून नोंद ठेवणार. कारखान्यात मेंटेनन्सला सत्तावीस वर्षं लॉगबुक लिहितोय, मग घरचं तांत्रिक काम विनानोंद का करायचं?

काम असं: मुलीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो आणि व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. हिला, म्हणजे बायकोला, ते तिच्या लॅपटॉपवर हवेत. ही १६ तारखेला बहिणीकडे राहायला चाललीय. हवापालट. परत कधी, असं विचारलं तर म्हणाली, बघू. म्हणजे पंधरा दिवस धरू.

हिचं म्हणणं, पेन ड्राइव्हवर टाकून द्या, झालं. मी म्हटलं, पेन ड्राइव्ह म्हणजे बादल्या भरभरून पाणी वाहणं, मी सरळ नळच बसवतो. दोन्ही मशीन एकमेकांना कायमची जोडणार. ही उठून आत गेली. इम्प्रेस झाली असावी.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. काम फत्ते झालं की हिचा बेत बदलेल, असा माझा अंदाज आहे.

४ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.३०
माझ्या बाजूने फोल्डर शेअर केला. दहा मिनिटांचं काम. मग हिच्या लॅपटॉपवर बघितलं तर फोल्डर नाही. फोल्डर सोडा, माझा कॉम्प्युटरच दिसत नाही. दोष अर्थातच हिच्या मशीनचा.

हिचा लॅपटॉप मागच्या खोलीत असतो. हीही तिथेच असते, झोपतेही तिथेच. माझ्या घोरण्यामुळे. ऑनलाइन शिकवण्या घेते तेव्हा फोन लॅपटॉपला चिकटलेला, सतत चार्जिंगला. फोनचं हे वेड या वयात बरं नव्हे. बोलून दाखवलं. म्हणाली, असू दे.

६ नोव्हेंबर. दुपारी, ऑफिसात
आमच्या कॉम्प्युटर विभागातला एक जण आहे. काहीही विचारा, ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो, म्हणून सगळे त्याला सर्व्हरच म्हणतात. त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, आधी दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघा.

हसू आलं. अरे बाबा, एकाच घरात आहेत, एकाच छपराखाली. मग एकाच नेटवर्कवर असणार नाहीत तर कुठे जाणार? असल्या लोकांना पगार देतात. नेटवर्कबद्दल मला कोणी शिकवू नये. ऑगस्टमध्ये वरच्या मजल्यावरचे आपलं नेट फुकट वापरतात असा संशय आला, तेव्हा बावीस अक्षरी पासवर्ड मीच टाकला. तेव्हापासून नेट कसं सुसाट चालतंय!

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११
सुट्टी. सगळा दिवस शेअरिंगला.

संकल्प: चिडायचं नाही. हिला मधे मधे हाक मारायची नाही. जेवणाच्या वेळेत जेवायचं.

दुपारी २.४०
तिन्ही मोडले.

९ नोव्हेंबर. संध्याकाळी
यश! नेटवर्कवर दुसरं मशीन दिसलं. मी आनंदाने ओरडलो. ही धावत आली, तिला वाटलं मी पडलोबिडलो. दाखवलं. ती वाकून बघून म्हणाली, हा प्रिंटर आहे.

पण धावत आली, याची नोंद करतो.

११ नोव्हेंबर. सकाळी ८
पिंग नावाची सोय आहे. एका मशीनने दुसऱ्याला हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. हिच्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा नंबर लिहून आणला. माझ्या कॉम्प्युटरच्या नंबरापेक्षा तो भलताच निघाला. मशीन जुनं आहे, असेल तसंच.

चार हाका मारल्या. चारही वेळा ओ नाही. पुन्हा चार. नाही.

हिला म्हटलं, तुझा लॅपटॉप काही उत्तरच देत नाही. ही शिकवणीची वही तपासत होती. मान वर न करता म्हणाली, हो का.

१३ नोव्हेंबर. रात्री ९
मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. माझ्या हाका फायरवॉल, म्हणजे परक्यांना अडवणारी कॉम्प्युटरची भिंत, अडवत असणार, ही अडचण तिला नीट समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी बोललात का? मी म्हटलं, बोलतोय ना, रोज, तिच्याच लॅपटॉपबद्दल. ती म्हणाली, तिने चार बॅगा भरल्यात हे माहितीय का तुम्हाला? म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, स्वेटर जागा खातात.

मुलीचा फोन तिथेच कट झाला. लाइन खराब असावी.

नवीन योजना: फायरवॉल पूर्ण बंद. उद्या काम संपवणारच.

१४ नोव्हेंबर
नाही संपलं. माझ्या कॉम्प्युटरची फायरवॉल आता चालूही होत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४
ही बॅगेत शेवटचं सामान भरत होती. मी शेवटचा प्रयत्न म्हणून तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. कोपऱ्यात वायफायची खूण असते, तिच्यावर पहिल्यांदाच बोट ठेवलं. नेटवर्कचं नाव आलं. आपल्या घरचं नव्हतं. हिच्या फोनचं होतं.

विचारलं, हे काय, तू आपल्या नेटवर नाहीस? म्हणाली, नाही. कधीपासून? ऑगस्टपासून. फोनवरून घेते.

मी म्हटलं, अगं मग सांगायचं नाही का? माझे बारा दिवस गेले की! पासवर्ड मागायचास.

ही मोज्यांच्या जोड्या लावत होती. म्हणाली, मागितला होता. एकदा तुम्ही म्हणालात, मोठा आहे, नंतर लिहून देतो. दुसऱ्यांदा म्हणालात, जरा शांत बसू देशील का. तिसऱ्यांदा नाही मागितला.

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो, काहीतरी झालं असतं. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मला यातलं काहीच आठवत नाही. अगदी काहीच नाही.

तीन महिने माझी बायको माझ्याच घरात दुसऱ्या नेटवर होती आणि मी नेट सुसाट चालतंय म्हणून खूश होतो.

संध्याकाळी ५.१५
बावीसच्या बावीस अक्षरं कागदावर लिहिली. मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून. तिच्या हातात दिली. तिने कागद वाचला आणि म्हणाली, आता कशाला हो?

म्हटलं, आता पाच मिनिटांत फोटो येतील. म्हणाली, मुलीने मंगळवारीच पाठवले सगळे, तिच्याकडे होते.

म्हणजे गुरुवारी मी मुलीला फायरवॉल समजावत होतो तेव्हा...

हिने कागद फेकला नाही. घडी घालून टेबलावर ठेवला. मला फार वाईट वाटतंय. असं लॉगबुकात लिहीत नाहीत, पण वाटतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०
९.४० ला गाडी आली. रात्रभर पाठ केलं होतं: जाऊ नकोस, माझं चुकलं. दारात ही थांबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बॅग जड आहे, मी घेतो.

चारही बॅगा मीच ठेवल्या गाडीत. नीट बसवल्या. ड्रायव्हर म्हणाला, काका, मस्त लावल्यात.

दुपारी ३.२०
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला फोन करा, आणि कॉम्प्युटरचं एक अक्षर काढू नका. म्हटलं, छे, मी कशाला काढतो.

दुपारी ३.४५
केला. विचारलं, पोचलीस का? म्हणाली, हो, तासभर झाला. जेवलीस का? हो. जे पाठ होतं ते सगळं होतं तोंडाशी. पण गप्प बसवेना, आणि माझ्या तोंडून निघालं, तिथे वायफाय आहे ना?

म्हणाली, आहे. ताईने दारातच पासवर्ड दिला.

मी म्हटलं, बरं झालं.