भाऊच्या गाडीवर मागं मी

३ डिसेंबर
भाऊनं आज मला नावानं हाक मारली! भर चौकात, सगळ्यांसमोर — "नाथा, बस बे मागं!" अभिमन्यूभाऊ! ज्याचे बॅनर मोंढ्यापासून धरणाच्या रस्त्यापर्यंत लागलेत, तो! बसलो. पुढं-मागं पोरांच्या गाड्या, हॉर्न नुसते चालू. माजलगावात राहायला आल्यापासून पहिल्यांदा हे गाव माझ्याकडं वळून बघत होतं.

४ डिसेंबर
अजून गाडीवरच बसलोय असं वाटतंय.

७ डिसेंबर
अंजू विचारती, "दादा, त्यांच्यात कावून जातोस?" बारकी बहीण माझी, दहावीला, पण बोलती आईसारखी. आई-आप्पा दिवाळी झाली की ऊसतोडीला कर्नाटकात गेले. घरात आमी दोघंच.

तिला काय सांगू? लहानपणी मीबी जायचो त्यांच्यासंगं. कारखाना बदलला की शाळा बदलायची. तिकडं म्हणायचे, "बीडवाल्याचं पोरगं." आमच्या गावी, नांदूरघाटला परत आलो की पोरं म्हणायची, "पाव्हणा आला!" इथं माजलगावात, "भाड्याच्या खोलीतलं." आन् आता? आता मी भाऊचा माणूस!

हे म्हणलो तर अंजू म्हणती, "माणूस का गडी?" लई शानी!

११ डिसेंबर
वाढदिवस! माझा! शाळेत नाव घालताना मास्तरनं लिहिलेली तारीख, पण काय बिघडलं? भाऊनं तलवारीनं केक कापायला लावला. तोंडाला केक, केसात केक, कानात केक! फटाके! पोरं बोंबलत होती — "नाथाभाऊ! नाथाभाऊ!" जन्मात मला कुणी भाऊ म्हणलं नव्हतं.

आईला फोन केला. उसाच्या फडात होती. "जेवलास का?" केक खाल्ला म्हणलं. "आन् अंजूनं?"
तिला आणायचा राहिलाच.

१५ डिसेंबर
भाऊच्या रीलखाली कुणीतरी हसायचं चित्र टाकलं. सोमेश्वर — मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला हाय ते पोरगं. भाऊ म्हणले, "ह्याला हसू कावून येतंय बे? कोण जाऊन विचारतंय?"
सगळ्यात आधी माझा हात वर!

१६ डिसेंबर
पहिला फटका माझा! दुकानातून ओढला आन् कानशिलात दिली. तो म्हणत होता, "भाऊ, चुकून दाबलं, चुकून!" मला भाऊ म्हणत होता! मग पोरं तुटून पडली. एकानं शूटिंग केलं. भाऊनं स्वतःचा गॉगल काढून माझ्या डोळ्यांवर चढवला!

१७ डिसेंबर
व्हिडिओ सगळीकडं! मधोमध मी! वर्गातल्या पोरींनी अंजूलाबी दाखवला.
अंजू जेवली न्हाई.

१८ डिसेंबर
ग्रुपमधला रामेश्वर सांगत होता, सोमेश्वरला डाव्या कानानं ऐकू येईना झालंय. तो धारूरकडचा. त्याचेबी आई-बाप तोडीलाच गेलेत, दवाखान्यात एकटाच पडून हाय.

भाऊ म्हणले, "टेन्शन घ्यायचं न्हाई. कुणी विचारलं तर नाथाचं नाव सांगा. ह्याच्यामागं कोण येणार हाय?" सगळे हसले.
मीबी हसलो. लई मोठ्यानं.

१९ डिसेंबर
सकाळीच पोलीस दारात. कपडे घालतो म्हणून आत आलोय. मला वाटलं, भाऊनंच नाव दिलं. अंजू म्हणली, "मी दिलं. काल सोमेश्वरला डबा घेऊन गेलते. मी बोलले की त्यो मान वळवून दुसरा कान पुढं करायचा. तिथूनच ठाण्यात गेले."
रडत न्हाई. माझ्या पिशवीत स्वेटर भरती.